लाल आणि पांढऱ्या अँथुरियमच्या बियांतून स्वतःचा वाण काढायचा असेल तर

कुडाळजवळ दहा गुंठ्यांचं शेडनेट असलेल्या एका तरुण बागायतदाराने विचारलं आहे: पाच वर्षं लाल ट्रॉपिकल आणि पांढरा अ‍ॅक्रोपोलिस या अँथुरियमच्या दोन जाती लावतोय. गेल्या श्रावणात हौस म्हणून ट्रॉपिकलचा पराग अ‍ॅक्रोपोलिसच्या फुलातल्या मधल्या दांडीवर बोटाने लावला. आता दांडीतून पिवळी फळं वर यायला लागली आहेत. यांची रोपं केली तर गुलाबी फूल मिळेल का? त्याला माझा वाण म्हणून विकता येईल का? आणि किती वर्षं लागतील?

आधी बियांचं बघू. बाकी सगळं थांबू शकतं, बी थांबत नाही. अँथुरियमचं बी भातासारखं किंवा मिरचीसारखं वाळवून डब्यात भरून ठेवता येत नाही. ते ओलंच असतं आणि सुकलं की मरतं. दांडीतून फळ दातासारखं बाहेर उचललं गेलं आणि चिमटीत धरल्यावर जोर न लावता सुटलं, की ते तयार. सगळी फळं एका दिवशी पिकत नाहीत, त्यामुळे दोन-तीन वेळा वेचणी करावी लागेल. अख्खी दांडी कापून आणायची घाई करू नका.

वेचलेली फळं चहाच्या गाळणीत घेऊन नळाखाली हलक्या हाताने चोळा. बियांभोवती चिकट गर असतो, तो राहिला तर तीन दिवसांत बुरशी धरते. एका फळातून एक किंवा दोन बिया निघतील. रात्रभर पाण्यात ठेवा, तरंगतील त्या टाका, उरलेल्या सौम्य बुरशीनाशकाच्या पाण्यातून काढा आणि ओल्या कोकोपीटवर किंवा मॉसवर नुसत्या पसरा. वर माती किंवा कोकोपीट घालायचं नाही. ट्रेवर पारदर्शक झाकण ठेवा, जागा सावलीची हवी. दोन आठवड्यांच्या आसपास हिरवा कोंब दिसेल. चार ते सहा महिन्यांनी दोन-तीन पानं झाली की रोपं वेगळी करा. ट्रेवर पेन्सिलने लिहा: आई अ‍ॅक्रोपोलिस, बाप ट्रॉपिकल, पराग लावल्याची तारीख, पेरल्याची तारीख. आईचं नाव आधी लिहायची पद्धत आहे, ती पाळा. पेनाची शाई फॉगरच्या पाण्याने वर्षभरात पुसली जाते, पेन्सिल टिकते.

बापाचं नाव खात्रीने लिहिता येईल का, हे मात्र तुम्ही पराग नेमका कधी लावला त्यावर ठरतं. अँथुरियम अळू-सुरणाच्या कुळातलं आहे. पावसाळ्याच्या तोंडावर आपल्याकडे शेवळं येतात ती आठवा: बाहेर एक गुंडाळलेलं आवरण आणि आत उभी दांडी. अँथुरियमचं तेच, फक्त आवरण उघडून सपाट पसरलेलं आणि रंगीत. आपण ज्याला फूल म्हणतो तो रंगीत भाग म्हणजे स्पेथ, एक बदललेलं पान. खरी फुलं दांडीवर असतात, शेकडो, मोहरीएवढी. प्रत्येक फुलात स्त्रीकेसर आणि चार पुंकेसर दोन्ही असतात, पण ते एका वेळी जागे होत नाहीत. आधी स्त्रीकेसर. दांडीच्या बुंध्याकडून टोकाकडे रोज थोडा पट्टा ओलसर होत जातो, सकाळी बघितलं तर बारीक चमकते थेंब दिसतात. हा काळ काही दिवस चालतो. तो संपला की मध्ये थोडे दिवस काहीच दिसत नाही, आणि मग त्याच क्रमाने पांढरी पूड सुटते. तो पराग.

म्हणजे फूल आपलं आपल्याशी सहसा फळत नाही, आणि संकर करताना पुंकेसर कापून काढायची कटकटही नाही. पण तुमच्याच बोटाला शेजारच्या दुसऱ्या फुलाचा पराग आधीच लागलेला असेल, किंवा कापणी करणाऱ्या बाईंच्या हातमोज्यावरून आला असेल, तर बाप वेगळा. पुढच्या वेळी असं करा: आई म्हणून निवडलेलं फूल चमक यायच्या आधीच बटरपेपरच्या पिशवीत घाला. सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान पिशवी काढून, बापाचा ताजा पराग बारीक ब्रशने लावा आणि पिशवी परत चढवा. हे आठवडाभर रोज करायचं, कारण आज फक्त खालचा पट्टा तयार असतो, परवा मधला. एकदाच लावून सोडलं तर दांडीच्या एका कड्यावरच फळं धरतात. प्रत्येक बापासाठी वेगळा ब्रश. आणि कोकणातल्या कडक उन्हाळ्यात पराग कमी सुटतो, म्हणून संकराचं काम दिवाळीनंतर थंडीत ठेवा. बी धरून पिकायला सहा-सात महिने लागतात, म्हणजे पेरणी पावसाळ्याच्या दमट हवेत येते. ते सोयीचंच आहे.

आता गुलाबीचं. या फुलाच्या रंगाचा हिशोब हवाई विद्यापीठात हारुयुकी कामेमोटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लावून ठेवला आहे. कामेमोटोंनी तिथला पैदास कार्यक्रम 1950 मध्ये सुरू केला आणि नंतर हायडी क्यून्ले यांनी तो पुढे नेला. थोडक्यात असं आहे: दोन मुख्य जनुकं, एकाला 'एम' म्हणतात, दुसऱ्याला 'ओ'. 'ओ' नसेल तर रंगच तयार होत नाही, फूल पांढरं. 'ओ' आहे पण 'एम' नाही, तर फक्त पेलार्गोनिडिन हे रंगद्रव्य तयार होतं आणि फूल नारिंगी किंवा कोरल दिसतं. दोन्ही असले तर सायनिडिन हे दुसरं रंगद्रव्यही येतं आणि फूल लाल किंवा गुलाबी होतं. प्रत्येक झाडात प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, आणि इथे एक प्रत दोन प्रतींइतकं काम करत नाही. म्हणून दोन-दोन प्रती असल्या की गडद, एकेकच असल्या की फिका. गुलाबी येतो तो बहुतेक असा.

तुमच्या पांढऱ्यात 'ओ'ची एकही प्रत नाही, एवढं नक्की. पण त्यात 'एम'च्या दोन प्रती असतील, एक असेल किंवा एकही नसेल. डोळ्यांना तिन्ही पांढरेच दिसतात. लालकडून 'ओ' किमान एक आहे, कदाचित दोन. लाल दोन्ही जनुकांना पक्का, म्हणजे दोन-दोन प्रतींचा, असेल तर तुमची सगळी रोपं रंगीत येतील, लालपेक्षा फिकी, त्यातली बरीच गुलाबी. लाल 'ओ'बाबतीत अर्धाच असेल तर निम्मी रोपं पांढरी निघतील. आणि लालमध्ये 'एम' एकच, पांढऱ्यात शून्य असेल, तर रंगीत रोपांपैकी निम्मी कोरल येतील, जरी आईबापांपैकी कुणीच कोरल नाही. तेव्हा हो, गुलाबी मिळण्याची शक्यता चांगली आहे, आणि पहिल्या फुलांची मोजणी केली की तुमच्या दोन्ही जातींच्या पोटात काय दडलंय तेही कळेल. ती मोजणी वहीत ठेवा. पुढच्या प्रत्येक संकराला ती उपयोगी पडेल.

या हिशोबातून काही गोष्टी पक्क्या सांगता येतात, आणि त्या माहीत नसल्या तर माणूस वर्षं घालवतो. पांढरा गुणिले पांढरा केला तर पांढराच मिळेल, कितीही रोपं लावा. कोरलला कोरलशी जुळवून लाल कधीच येणार नाही. पण पांढऱ्याला कोरलशी जुळवून लाल येऊ शकतो! माझ्याकडे पहिल्यांदा आला तेव्हा मी लेबल चुकलं असं समजून अख्खा ट्रे बाजूला टाकला होता. चूक लेबलची नव्हती, पांढऱ्यात 'एम' होता आणि कोरलने त्याला 'ओ' दिला. अशा गुलाबी-लाल रोपाला 'एम' आणि 'ओ' दोन्हींची एकेक प्रत असते, आणि त्याला तशाच दुसऱ्या रोपाशी जुळवलं तर सोळा रोपांमागे सरासरी नऊ लाल-गुलाबी, तीन कोरल-नारिंगी आणि चार पांढरी पडतात. एका दांडीत रंगांचा सगळा पेटारा उघडतो.

जांभळ्याची वाट वेगळी आहे. तो पनामातल्या अँथुरियम अ‍ॅम्निकोला नावाच्या लहान रानटी प्रजातीतून आला, आणि त्याला तिसरं एक जनुक दोन्हीकडून अप्रभावी मिळावं लागतं. तपकिरी, चॉकलेटी फूल म्हणजे लाल रंगद्रव्य आणि स्पेथमध्ये टिकून राहिलेलं हरितद्रव्य एकावर एक. तुमच्या दोन जातींतून या वाटा निघत नाहीत, म्हणून इथेच सोडतो.

मला मनापासून जे सांगायचं आहे ते आता. गुलाबी फूल आलं म्हणजे वाण झाला असं नाही. तुमच्याकडे दीडशे रोपं झाली तर त्यात वीस-पंचवीस छान गुलाबी असतील, आणि त्यातली बहुतेक सगळी फेकावी लागतील. संकर कुणालाही जमतो, तुम्हाला बोटाने जमला. वाण तयार होतो तो फेकण्यातून. मी सुरुवातीची सहा वर्षं रंगावर निवड केली आणि माझ्याकडे सुंदर, निरुपयोगी झाडांची रांग उभी राहिली.

कापणीच्या फुलात आधी दांडा, म्हणजे फुलाचा लांब देठ, बघायचा. दादरच्या बाजारात पेटी उघडली की व्यापारी दोनच गोष्टी बघतो, स्पेथची रुंदी आणि दांड्याची लांबी. दांडा पानांच्या वर आला पाहिजे, सरळ पाहिजे, आणि फूल त्याच्यावर मान टाकून नको. चाळीस सेंटीमीटरच्या खाली दांडा देणारं झाड मी पहिल्या वर्षानंतर ठेवत नाही, रंग कसाही असो. ते कुंडीत शोभेल, पेटीत नाही.

मग पानं मोजा. अँथुरियममध्ये झाड फुलावर आलं की प्रत्येक पानाच्या बेचक्यातून एक फूल येतं. म्हणजे वर्षाला जितकी पानं तितकी फुलं, याहून जास्त देणारं झाड असूच शकत नाही. दर नव्या पानाच्या देठाला तारखेची दोरी बांधा. साठ दिवसांनी पान काढणारं झाड वर्षाला सहा फुलं देईल, नव्वद दिवसांनी काढणारं चार. दहा गुंठ्यांत हा फरक तुमचं वीजबिल आणि मजुरी निघते की नाही ते ठरवतो. सोबत खोडाची चाल बघा. दोन पानांमधलं अंतर जास्त असेल तर झाड भराभर उंच चढतं, आडवं पडतं आणि तीन वर्षांत खाली उतरवून परत लावावं लागतं. आखूड पेरांचं झाड वर्षानुवर्षं जागेवर बसून देत राहतं.

स्पेथ सपाट हवा. खोलगट किंवा सुरकुतलेला स्पेथ पेटीत घासतो आणि डाग पडतात. वरचे दोन कान एकमेकांवर फार चढलेले नकोत, तिथे पाणी साचतं. मधली दांडी स्पेथपेक्षा आखूड आणि जरा कललेली असावी. ताठ उभी लांब दांडी वाहतुकीत मोडते, आणि दांडी सर्वांत आधी तपकिरी पडते, म्हणून ती जितकी आखूड तितकं बरं. मे महिन्यात रंग विटतो का हे दोन उन्हाळे बघा. काही लाल-नारिंगी रंगांत स्पेथच्या कानांवर रंग फुटल्यासारखे पाणचट डाग येतात. हे बऱ्याचदा कॅल्शियम कमी पडल्याने होतं, पण त्याच खतावर एक झाड डागाळतं आणि शेजारचं नाही, तर ते झाडाचं वळण आहे. डागाळणारं काढा.

सर्वांत जास्त वेळ टिकाऊपणाच्या चाचणीला द्या. त्रिनिदादमधल्या वेस्ट इंडीज विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिलं की वेगवेगळ्या जातींच्या टिकण्यातला मोठा फरक स्पेथच्या खालच्या बाजूला पर्णरंध्रं किती दाट आहेत याच्याशी जोडलेला आहे. रंध्रं दाट, तर पाणी जास्त उडतं आणि फूल लवकर मलूल होतं. सूक्ष्मदर्शक असेल तर नेलपॉलिशचा पातळ थर देऊन, वाळल्यावर सोलून, रंध्रं मोजता येतात, म्हणजे एका फुलावरून अंदाज येतो. नसेल तर घरच्या पद्धतीने करा. दांडीवरची साधारण तीन-चतुर्थांश फुलं उमलली, दांडीचा रंग तेवढ्यात बदलला, की फूल कापा. कोवळं कापलं तर कुठल्याही झाडाचं फूल चार दिवसांत मान टाकतं आणि चांगल्या झाडावर अन्याय होतो. कापलेलं फूल एक दिवस बंद पेटीत ठेवा, मुंबईला जातंय असं समजून, मग साध्या पाण्यात घरातल्या सावलीत. रोज बघा, आणि चमक गेली, दांडी तपकिरी पडली किंवा स्पेथ निळसर झाला, तो दिवस लिहा. फ्रिजमध्ये ठेवू नका, बारा-तेरा अंशांच्या खाली स्पेथ थंडीने काळवंडतो. एका झाडाची किमान पाच फुलं, वेगवेगळ्या ऋतूंतली. दोन आठवड्यांच्या आत मावळणारं झाड सोडून द्या. तीन आठवडे टिकणारी रोपं बियांतून येतात, मी ती हातात धरली आहेत, त्यामुळे कमीवर समाधान मानू नका.

पहिल्या फुलावरून यातलं काहीही ठरवू नका. रोपाचं पहिलं फूल लहान, वेडंवाकडं आणि फिकं असतं. चौथ्या-पाचव्या फुलापासून झाड आपलं खरं रूप दाखवतं. पण वाईटाची वाट बघायची नाही: आखूड दांडा, मंद पानं, रोगट पानं ही पहिल्या वर्षातच काढा, नाहीतर चांगल्यांना जागा आणि हवा मिळत नाही. दीडशेपैकी पहिल्या वर्षी शंभर जावीत, दुसऱ्या वर्षी चाळीस, तिसऱ्या वर्षी दोन-तीन उरावीत. कधी एकही उरत नाही. मग त्यातल्या सर्वांत चांगल्या दोघांना जुळवून पुढची पिढी काढायची. एकाच झाडाला त्याच्याच परागाने फळवायचा मोह टाळा. तसं बी धरतं, पण रोपं कुपोषित मुलांसारखी निघतात.

आणि करपा. जिवाणूजन्य करपा, ज्याचं नाव झँथोमोनास, त्याच्याबद्दल मी जरा जास्त बोलेन, कारण कोकणातला पाऊस त्याच्या सोयीचा आहे. पहाटे पानाच्या कडेला दवासारखे थेंब दिसतात ना, ते दव नसतं, पानाने स्वतः बाहेर टाकलेलं पाणी असतं. त्याच छिद्रांतून जिवाणू आत शिरतो. आधी कडेला पाणचट ठिपके, मग पिवळी किनार असलेले तपकिरी चट्टे. तिथपर्यंत पान कापून वाचवता येतं. पण सुरीने आत गेला, किंवा देठातून खोडात उतरला, की झाड आतून कुजतं आणि त्याला औषध नाही. हवाईमध्ये तो 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला दिसला आणि 1980 च्या दशकात त्याने इतक्या बागा बसवल्या की तिथल्या पैदासकारांना सगळं लक्ष रोगप्रतिकाराकडे वळवावं लागलं. त्यांना तो प्रतिकार मुख्यतः कोलंबियातल्या अँथुरियम अँटिओक्विएन्स या लहानशा रानटी प्रजातीत सापडला. तिचं फूल बाजारात कुणी घेणार नाही, पण तिचं रक्त घेतलेल्या संकरांनी करप्यात तग धरला. रानटी नातेवाईक बाळगायचे ते यासाठी.

तुमच्याकडे ती प्रजाती नाही, पण डोळे आहेत. करपा आला तर सगळ्यांना सारखं फवारून झाकू नका. कुठली रोपं टिकली, त्यांना खूण करा. ती माहिती विकत मिळत नाही. शेडनेटच्या भोवती अळू, डिफेनबॅकिया, सिंगोनियम लावू नका, हे सगळे एकाच कुळातले आणि जिवाणू त्यांच्यावर राहतो. सांडपाण्यावर वाढणारं अळूसुद्धा लांब न्या. दोन सुऱ्या ठेवा, एक जंतुनाशकात बुडालेली, एक हातात, आणि दर झाडाला बदला. अमोनियाचं खत जपून द्या, त्याने पानाच्या त्या थेंबांत जिवाणूचं खाद्य वाढतं.

वेळेचा हिशोब आता सोपा जाईल. पराग लावल्यापासून पहिलं फूल दिसायला साधारण तीन वर्षं. त्यानंतर दोन-तीन वर्षं निवड. निवडलेलं झाड एकच असतं आणि फुटवे काढून त्याची वाढ अगदी संथ होते, म्हणून प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धन (टिश्यू कल्चर) करावं लागतं. एका झाडापासून विक्रीजोगी काही हजार रोपं हातात यायला दोन वर्षं धरा. ती परत लावून, फुलवून, मूळ झाडासारखीच आहेत ना हे बघायला आणखी दीड-दोन. आठ ते दहा वर्षं. तुम्ही पंचविशीत असाल तर पस्तिशीत तुमचा वाण बाजारात असेल. लांब वाटतं, पण यातली बहुतेक वर्षं रोजच्या बागेच्या कामातच जातात, जास्तीचं काम म्हणजे वही आणि खुणा.

प्रयोगशाळेला झाड देताना एक विचारून घ्या: बेचक्यातल्या डोळ्यांपासून रोपं करणार की कॅलसपासून. पानाच्या तुकड्यातून आधी पेशींचा गोळा, मग रोपं, ही कॅलसची पद्धत भराभर संख्या देते, पण त्यात मधूनच वेगळी, बिघडलेली रोपं निघतात. डोळ्यांपासूनची पद्धत संथ पण इमानी. नव्या वाणासाठी मी तीच धरतो. आणि तुमच्या वाणाची फुलं फळली तरी त्यांच्या बियांतून तोच वाण कधीच येणार नाही. आईबापांचे सगळे गुण परत विस्कटतात. ग्राहकालाही हे स्पष्ट सांगा.

विकता येईल का? आपल्याकडे 2001 चा वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा आहे, आणि त्याच्या कलम 30 प्रमाणे संरक्षित वाणसुद्धा नवा वाण काढण्यासाठी आईबाप म्हणून वापरायला मोकळा आहे. तेव्हा ट्रॉपिकल आणि अ‍ॅक्रोपोलिस वापरले म्हणून तुमचं काही चुकलं नाही. जे करायचं नाही ते म्हणजे त्याच जातींचे फुटवे काढून जातीचं नाव लावून रोपं म्हणून विकणं. मात्र रोपं घेताना ज्या करारावर सही केली असेल तो परत काढून वाचा, त्यात वेगळी अट असू शकते. नोंदणीसाठी वाण नवा, वेगळा, एकसारखा आणि स्थिर असावा लागतो. 'नवा' याचा अर्थ कायद्यात काटेकोर आहे: अर्जाच्या आधी एक वर्षापेक्षा जास्त काळ भारतात त्याची विक्री झालेली नको. इथे हौशी लोक फसतात. चार मित्रांना रोपं विकतात, दोन वर्षांनी अर्ज करायला जातात आणि दार बंद झालेलं असतं. नोंदणी केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या पिकांचीच होते, म्हणून अर्जाच्या तयारीला लागण्याआधी या कायद्याखालच्या प्राधिकरणाची चालू यादी बघा. फुलपिकांना एकूण पंधरा वर्षं संरक्षण मिळतं. नोंदणीशिवायही तुम्ही फुलं विकू शकता, त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

तुम्हाला वाटेल, हे मोठ्या कंपन्यांचं काम आहे. हॉलंडमधल्या कंपन्यांकडे हजारो रोपं तपासायच्या काचघरांच्या रांगा आहेत, हे खरं. पण इतिहास बघा. कोलंबिया-इक्वेडोरच्या जंगलातलं हे झाड एदुआर आंद्रे या फ्रेंच माणसाने 1876 मध्ये युरोपच्या नजरेला आणलं, 1889 मध्ये सॅम्युएल डेमनने ते लंडनहून हवाईला नेलं, आणि पुढची कितीतरी वर्षं तिथल्या छोट्या बागायतदारांनी घरामागच्या सावलीत बी पेरून, निवडून, शेजाऱ्याला देऊन ते वाढवलं. ओझाकी, निट्टा या तिथल्या गाजलेल्या जाती अशाच बागांतून वर आल्या. विद्यापीठ नंतर आलं आणि त्याने आधी तीच झाडं गोळा केली. हॉलंडचे वाण काचघरातल्या मापाच्या हवेसाठी निवडलेले असतात. आषाढातल्या सिंधुदुर्गच्या हवेत, नारळाच्या सोडणांच्या तुकड्यांवर, नुसत्या शेडनेटखाली कुठलं झाड उभं राहतं, हे तुमच्याच बागेत निवडता येतं.

शेवटी माझ्या नुकसानीतून एक सांगतो. अकरा वर्षांपूर्वी माझ्याकडे एक कोरल झाड होतं, लांब दांडा, तीन आठवडे टिकणारं, सात पानं वर्षाला. त्याचे सगळे पाच फुटवे मी एकाच शेडनेटमध्ये, एकाच ओळीत ठेवले होते, रोज बघायला बरं म्हणून. त्या पावसाळ्यात बाहेरून आणलेल्या दुसऱ्या जातीच्या रोपांबरोबर करपा आला आणि गणपतीपर्यंत ओळ संपली. प्रयोगशाळेला द्यायचं मी पुढच्या दिवाळीनंतर ठरवलं होतं. तुमची दीडशे रोपं दोन-तीनवर आली की त्या प्रत्येकाचा पहिला फुटवा दुसऱ्या गावात, जिथे एकही अँथुरियम नाही अशा घरी, कुंडीत ठेवायला द्या. आणि बाहेरून कुठलंही रोप आणलं तर ते तीन महिने वेगळ्या जागी ठेवल्याशिवाय शेडनेटमध्ये नेऊ नका.